जयणा फक्त पाणी गाळण्यापुरती?

माझगावात पंख्याखाली बसून गोठणाऱ्या नळ्यांवर काय लिहायचं, म्हणाल. पण माझी धाकटी बहीण शिकागोजवळ घर बांधतेय. फरशीखाली हीटिंगच्या नळ्या टाकून झाल्या, घर अर्धवट, हिवाळा दारात. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. नळी फुटू शकते. कंत्राटदार म्हणे, स्वस्तातलं इथिलीन ग्लायकॉल भरा. मुळीच नाही! ते गोड विष. सांडलेलं चाटून कुत्री-मांजरं मरतात. आडव्या नळ्या नुसता व्हॉल्व्ह उघडून रिकाम्या होत नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेने एकेक नळीतलं पाणी काढा. गळतीची चाचणीही हवेनेच घ्या. काही भरायचंच तर खूप कमी विषारी असं प्रॉपिलीन ग्लायकॉल भरा. पैसे जास्त लागतील, लागू देत. नाहीतर घरात गाळलेलं पाणी आणि फरशीखाली विष, ही कसली जयणा, मैत्रिणींनो?