जोर्वे : मातीच्या भांड्यांनी नाव कमावलेलं आपलं गाव

इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं एक शहर आहे. मातीची आणि चिनी मातीची भांडी ही त्याची ओळख. जोसाया वेजवूड या कुंभाराने 1759 मध्ये तिथल्या बर्स्लेम भागात स्वतःचा कारखाना काढला. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन हे त्याच्या मुलीचे चिरंजीव! तिथल्या लोकांना या वारशाचा केवढा अभिमान आहे.

आता सांगा बघू, भांड्यांमुळे जगाच्या पुरातत्त्वात नाव मिळवलेलं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव कोणतं? उत्तर आहे, संगमनेर तालुक्यातलं प्रवराकाठचं जोर्वे.

1950-51 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि मिळाली ती खास भांडी. बारीक मातीची, चाकावर घडवलेली, लाल अंगावर काळी नक्षी असलेली. भाजणी इतकी पक्की, की टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज यावा. तोटीचं भांडं ही तर त्यांची खूणच. पुढे अशीच भांडी कोकण किनारा सोडून महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मिळाली, आणि त्या सगळ्या संस्कृतीला नाव पडलं 'जोर्वे संस्कृती'. काळ साधारण इ. स. पू. 1400 ते 700.

नेवासे म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, ते योग्यच आहे. पण त्याच नेवाशाच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत लेकरू. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. गेलेलं मूल घराबाहेर न्यायला त्या आईबापाचं मन धजावलं नसेल का? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. इतिहास म्हणजे सनावळ्या, हा मुलांचा समज लगेच गळून पडेल.

श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चौघांचं वजन मिळून साठ किलोहून जास्त! आज ही शिल्पं मोठ्या शहरांच्या संग्रहालयांत आहेत, आणि आपल्या कित्येक मुलांनी त्यांचं साधं चित्रही पाहिलेलं नाही.

काही जण म्हणतील, "सर, अभ्यासक्रम पुरा करता करता नाकी नऊ येतात, त्यात ही खापरं कुठे शिकवायची?" अडचण खरी आहे. पण मोहेंजोदडो शिकवतोच ना आपण? त्याच तासाला दहा मिनिटं जोर्व्याला द्या. कापड कुजतं, लाकूड सडतं. खापर फुटतं, पण मातीत टिकतं. त्यावरून माणूस काय शिजवत होता, कुणाशी त्याचा संबंध होता, हे कळतं. पुरावा म्हणजे काय, हे शिकवायला याहून स्वस्त साधन नाही.

आणखी एक कारण आहे. इ. स. पू. 1000 च्या सुमारास गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली यांतली बहुतेक गावं ओस पडली. अनेक अभ्यासक याचा संबंध कमी झालेल्या पावसाशी जोडतात. नगरच्या मुलाला दुष्काळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाणी गेलं की नांदतं गाव उठतं, हा धडा त्याच्याच नदीकाठी पुरलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद दाखवणारा एक नकाशा लावा. गावातल्या कुंभारकाकांना चाक घेऊन वर्गात बोलवा, मुलांना तोटीचं भांडं घडवू द्या. आणि हे जरूर सांगा, की जुन्या पांढरीच्या टेकाडावर खापर दिसलं तर ते खिशात घालायचं नाही. जागेवर राहू द्यायचं आणि गुरुजींमार्फत पुरातत्त्व विभागाला कळवायचं. जागेवरून हललेलं खापर मुकं होतं, आणि नांगराखाली गेलेलं टेकाड पुन्हा मिळत नाही.

तुमच्या गावात पांढरी कुठे आहे? उद्या वर्गात विचारा. मुलांना माहीत नसेल, तर आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. हाच त्यांचा पहिला गृहपाठ.