ताकीद

कन्हान नदीकाठी कामठीची छावणी 1821 साली वसली, आणि तेव्हापासून नागपूरकरांच्या कानाला बिगुलाचा आवाज परका राहिलेला नाही. आज तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे. पायदळातील जुन्या रेजिमेंटा बहुधा एखाद्या प्रांताच्या वा समाजाच्या नावाने ओळखल्या जात. जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने 1949 साली उभ्या राहिलेल्या गार्ड्समध्ये मात्र साऱ्या देशातून जवान घेण्याचा शिरस्ता प्रारंभापासून आहे. अशा पलटणीत देहरादूनच्या वा चेन्नईच्या प्रबोधिनीतून नुकताच बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट रुजू होतो, तेव्हा ज्याच्या नोकरीची वर्षेच या तरुणाच्या वयाच्या बरोबरीची आहेत असा सुभेदार टाचा जुळवून त्याला सलाम करतो, आणि तो लेफ्टनंटही त्याला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो. दर्जा एकाकडे आणि अनुभव दुसऱ्याकडे अशी ही विभागणी या परस्पर आदरावर उभी असते, आणि हा आदर ज्या दिवशी त्या तरुणाच्या हातून सुटतो त्या दिवसाविषयी आज लिहावयाचे आहे.

जवानांदेखत सुभेदारावर आवाज चढविणे, कवायतीला उशिरा येऊन सबबी सांगणे, हवालदाराच्या बोलीची थट्टा करणे, कोठारातील माल न मोजताच नोंदवहीवर सही करणे, जवानाला खासगी कामाला जुंपणे, या गोष्टी दिसावयास किरकोळ असल्या तरी त्यांच्यातूनच पुढे मोठे प्रमाद घडतात. मोठ्या प्रमादांसाठी 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये कठोर कलमे आहेत. आपल्या पदाला व शीलाला न शोभणारे वर्तन करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम 45 अन्वये लष्करी न्यायालय बडतर्फ करू शकते, आणि हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा दुर्वर्तन करणाऱ्यासाठी कलम 47 आहे. परंतु याच कायद्यातील दुसरी एक तरतूद मला अधिक विचारार्ह वाटते. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर कलम 80 अन्वये जवानाला स्वतःच्या अखत्यारीत 28 दिवसांपर्यंत कैदेची शिक्षा देऊ शकतो. आपल्याच पलटणीतील लेफ्टनंटला वा कॅप्टनला मात्र तो औपचारिक शिक्षा म्हणून साधा ठपकाही देऊ शकत नाही, कारण तो अधिकार कलम 83 ने ब्रिगेड कमांडर वा तत्सम अधिकाऱ्याकडे ठेवला आहे. म्हणजे जो तरुण रोज नजरेसमोर वावरतो, ज्याच्याबरोबर मेसमध्ये रोज जेवावयाचे असते, त्याला वळण लावण्यासाठी कर्नलच्या हाती मुख्यतः स्वतःचा शब्दच राहतो. कायदेकर्त्यांनी हे कोणत्या हेतूने केले असेल ते असो. त्यातून वरिष्ठावर येणारी जबाबदारी मोठी आहे, आणि ती टाळणारा वरिष्ठ माझ्या मते त्या उद्धट लेफ्टनंटहून अधिक दोषी आहे.

शब्द किती नेमका असू शकतो, हे पाहावयाचे तर आपल्या मराठी दप्तरातच पाहावे. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी पद्मदुर्ग उभा राहत होता. तेथील आरमाराला पैका व गल्ला पोहोचविण्याचा हुकूम या सुभेदाराला झाला होता, आणि त्याने तो पोहोचविला नाही. महाराजांच्या पत्रात ‘तुमचे वर्तन समाधानकारक नाही’ अशा जातीची मोघम वाक्ये शोधून सापडणार नाहीत. काय देण्याचा हुकूम होता, ते कोणाला मिळाले नाही, आणि त्यामुळे दर्याकिनारी आरमाराची काय अवस्था झाली, हे त्यात मुद्द्याने मांडले आहे. सिद्दीने तुम्हास फितविले काय, असा थेट जाब आहे, आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, अशी निःसंदिग्ध समजही आहे. शत्रूच्या तोंडी उभ्या असलेल्या माणसांचे अन्न अडले असताना भाषा तिखट झाली, हे मला सर्वथा न्याय्य वाटते. दोन घटका उशिरा आलेल्या तरुणाला हीच भाषा ऐकविणे अन्यायाचे होईल. पण त्या पत्राचा नेमकेपणा मात्र लहान कसुरीतही तितकाच अगत्याचा आहे. ‘तू नीट वाग’ या वाक्याने कोणी सुधारत नाही. ‘काल सकाळी कवायतीच्या मैदानावर सुभेदार साहेबांना तुम्ही जवानांसमोर अमुक शब्द बोललात, आणि आज ते हुकूम देत असताना त्यांच्या प्लाटूनचे जवान एकमेकांकडे पाहत होते,’ हे वाक्य ऐकणाऱ्याला टाळता येत नाही.

ताकिदीची दुसरी बाजूही त्याच काळाने दाखविली आहे. 1673 साली उमराणीजवळ बहलोलखानाला कोंडीत पकडून सरनोबत प्रतापराव गुजरांनी त्याला शब्दावर सोडून दिले, आणि खान पुन्हा चालून आला. महाराजांचा कठोर ठपका प्रतापरावांच्या जिव्हारी लागला, आणि 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडून त्यांनी प्राण दिला. महाराजांनी पुढे त्यांची कन्या आपली सून करून घेतली, यावरून त्या मृत्यूची वेदना उमगते. ठपका अयोग्य होता असे म्हणण्याचे धार्ष्ट्य मी करणार नाही; परंतु मानी माणसाच्या मनात वरिष्ठाचा शब्द कोठवर जाऊन पोहोचतो, हे ध्यानी घेऊनच शब्द उच्चारावा लागतो, आणि बोलणे संपण्यापूर्वी त्या माणसाला उद्याचे काम सांगावे लागते. जो अधिकारी ठपका घेऊन खोलीबाहेर पडतो पण काम घेऊन पडत नाही, तो आपल्या मनानेच काहीतरी प्रायश्चित्त ठरवू लागतो.

आणि ज्याची आज्ञाभंगाची कृती यशस्वी झाली त्याचे काय करावे? हा प्रश्न तर आमच्या सीताबर्डीनेच विचारून ठेवला आहे. 26 व 27 नोव्हेंबर 1817 या दोन दिवसांत, जेथे भोसल्यांचे स्वातंत्र्य हरपले त्या टेकडीखाली, बंगालच्या सहाव्या घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड हल्ल्याची परवानगी पुनःपुन्हा मागत होता आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट ती नाकारत होता. अखेरीस, करावयाचा तर स्वतःच्या जोखमीवर कर, असा निरोप आला, तेव्हा त्याने ती जोखीम पत्करून घोडे घातले आणि लढाईचा रंग पालटला. इंग्रज इतिहासकारांनी त्याचे गुणगान केले. आम्हा नागपूरकरांना तो दिवस दुःखाचा आहे. तरीही त्रयस्थपणे मला एवढे दिसते, की त्या कॅप्टनने आधी विचारले होते, वारंवार विचारले होते, आणि परिणामाचे दायित्व आपल्या शिरावर घेतले होते. न विचारता मनास येईल ते करणारा आणि सुदैवाने यश पदरात पडल्यावर प्रशंसेची अपेक्षा धरणारा तरुण त्याच्या पंक्तीला बसत नाही. यशाने झाकलेली कसूर दाखवून देणे वरिष्ठाला सर्वांत जड जाते, कारण त्या दिवशी सारी पलटण त्या तरुणावर खूष असते. पण त्याच दिवशी ती दाखविली नाही, तर पुढल्या वेळी तो दैवावर विसंबून जवानांना पुढे घालील.

एका बाबतीत जाणत्यांतही मतभेद आढळतात. अपमान चारचौघांत झाला असेल, तर त्याचे परिमार्जनही चारचौघांत व्हावे काय? काही जण म्हणतात की प्लाटूनसमोर क्षमा मागविल्यावाचून सुभेदाराची इभ्रत परत येत नाही. मला हे पटत नाही. जवानांसमोर अधिकाऱ्याला झुकविले, तर दोघांपैकी कोणाचाच हुकूम पूर्वीसारखा चालत नाही, आणि सुभेदाराला स्वतःलाही ते नको असते, कारण त्या तरुणाला घडविणे हे तो आपले काम समजतो. ताकीद कर्नलने बंद दाराआड द्यावी. लेफ्टनंटने त्याच सायंकाळी एकट्याने सुभेदाराकडे जाऊन, सबब न सांगता, आपले चुकले म्हणावे. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर, सारी प्लाटून पाहत असताना, नेमबाजीची आखणी त्यानेच सुभेदाराला विचारावी, उत्तर पुरते ऐकून घ्यावे, आणि मग हुकूम द्यावा. पलटणीला काय कळावयाचे ते एवढ्यात कळते.