मागच्या दारचा ओटा

गेल्या रविवारी आमच्याकडे ग्रँड ओपनिंग झालं. मॉलचं नाही, मल्टिप्लेक्सचं नाही, मागच्या दारच्या ओट्याचं! स्टायलिश भाषेत, आउटडोअर किचन. पण परदेशी मासिकातलं ते लॉन, बार्बेक्यू, बाजूला स्विमिंग पूल... असलं काही डोळ्यांसमोर आणू नका हं. एरंडवण्यातलं आजोबांनी १९६८ साली बांधलेलं घर, मागे कंपाउंडपर्यंत जेमतेम नऊ फुटांची पट्टी. तिथे इतकी वर्षं एक गळका बंब, कढीपत्ता आणि ड्रेनेजचं चेंबर सुखानं नांदत होते.

निमित्त झालं बांगड्याचं. वहिनी मालवणची. लग्नाला चार वर्षं झाली, पण आजीच्या स्वयंपाकघरात मासा शिरला नाही. शिरणारही नाही, हे सगळ्यांना न बोलता माहीत. वहिनीला फारच हुक्की आली की ती आणि दादा बाहेर खाऊन यायचे. शेवटी दादाला आयडिया सुचली, मागे ओटा बांधू! सगळे खूश. फक्त वहिनी म्हणाली, "म्हणजे बांगड्याबरोबर मलाही घराबाहेर काढणार ना?" दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण जागा बघायला आली. मला वाटलं, आता टाइल्सचे कॅटलॉग निघणार. बाईंचा पहिला प्रश्न, "चेंबर कुठंय?" मिस्त्रींनी ओटा आखला होता तो नेमका त्याच्यावर! उद्या तुंबलं की ओटा फोडा. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो, खड्ड्यात, चेंबरच्या फटीत शिरतो. त्यामुळे सिलिंडर चेंबरपासून लांब आणि मोकळ्या हवेत. सुंदर दिसावा म्हणून कपाटात कोंडायचा नाही.

छपराचं म्हणाल तर पूर्ण पट्टी झाकायचा मोह आवरा. धूर कोंडतो, आतलं स्वयंपाकघर अंधारतं आणि मार्जिनमध्ये पक्कं काही करण्याआधी महापालिकेचे नियम बघावेच लागतात. आम्ही हलका पत्रा घेतला, तोही स्वतःच्या खांबांवर. जुन्या विटांच्या भिंतीला लटकवला नाही. ओट्याखाली प्लायवूड अजिबात नको, एका पावसाळ्यात फुगतं. मला काळाभोर कडप्पा हवा होता (लूक!), पण कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, लिंबू-कोकमाचे पांढरे डाग पडतात. मासे करायचे आणि कोकम नाही? ग्रॅनाइट घेतला.

खरी मारामारी झाली जागेवरून. दादाचा प्लॅन होता अगदी लांबच्या कोपऱ्यात, आजीच्या नाकापासून दूर. वहिनी हटून बसली, ओटा स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच हवा. "मला एकटीला तिकडे उभं राहायचं नाहीये." मैत्रिणीनं मधला मार्ग काढला. चिरायची जागा आणि सिंक खिडकीखाली, शेगडी दुसऱ्या टोकाला, म्हणजे वास, धूर आत कमी. ड्रॉइंग आजीसमोर ठेवलं. दोन दिवस ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "खिडकीला जाळी लावा. मांजर येईल."

जाळी लागली, सरकती.

रविवारी वहिनीनं बांगडे तळायला घेतले. शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावून गेले, दोनदा. आजी आत खिडकीशी बसून मेथी निवडत होती. तेवढ्यात जाळी सरकली आणि एक जांभळं वांगं बाहेर आलं.

"दुसरा बर्नर माझा. त्याच्यावर मासा ठेवायचा नाही, सांगून ठेवते. आणि हे नीट भाज, मागच्या वेळी आईनं कच्चं ठेवलं होतं."

"हो आजी," वहिनी म्हणाली. हात धुऊन वांग्याला तेल लावलं.

भाजलेलं वांगं खिडकीतून आत गेलं. बांगडे आम्ही बाहेरच खाल्ले, उभ्यानं.