गाडी कण्हतेय की ठोकतेय?

वीकेंडला अर्नाळा म्हणजे सोप्पा प्लॅन. विरारहून आत वळायचं, आगाशीत सुकेळी घ्यायची आणि पुढे समुद्र. किल्ला बेटावर, तिथे होडीनेच जायचं, त्यामुळे गाडी किनाऱ्यावर राहते. पण बॉस, तिथे पोहोचायच्या आधी पाच मिनिटं एसी आणि म्युझिक बंद करा. काचा खाली घ्या. वाड्यांमधल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीचे ते आवाज ऐकू येतात, जे हायवेच्या गोंगाटात आठवडाभर लपलेले असतात.

स्टिअरिंगचे आवाज मुख्यतः दोन. एक ‘ऊंऽऽऽ’, दुसरा ‘खट्’. सगळे घाबरतात पहिल्याला. मी घाबरतो दुसऱ्याला.

‘ऊंऽऽ’चं आधी उरकू. बोलेरो किंवा जुन्या इनोव्हासारख्या गाड्यांत स्टिअरिंग हायड्रॉलिक असतं. इंजिनाच्या बेल्टवर चालणारा पंप तेल दाबतो. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि पंप कण्हायला लागतो. वळताना आवाज वाढतो, रेस दिली की अजून चढतो. बॉनेट उघडून डबीत बुडबुडे दिसतात का बघा. हे तेल जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. नुसतं टॉप-अप करून निघू नका. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून दाबून धरलं की येणारी कुरकुर मात्र नॉर्मल, फक्त तसं धरून बसू नका. आणि हल्लीच्या स्विफ्ट, वॅगन आरवाल्यांनी डबी शोधूच नये. तिथे मोटर असते, तेल नसतंच. कुणी ‘स्टिअरिंग ऑइल बदलूया’ म्हणालं तर लांबूनच नमस्कार!

आता ‘खट्’. माझा ऑफिसातला एक मित्र गाडी थेट वाळूत घालणाऱ्यांपैकी. खड्ड्यात आणि वळताना पुढून खट्खट्. म्हणे, ‘अरे, आपल्या रस्त्यांवर सगळ्यांच्याच गाड्या वाजतात रे!’ वाजतात, कबूल. बऱ्याचदा लिंक रॉड किंवा एखादा बुश गेलेला असतो, त्याने जीव जात नाही. पण तोच आवाज टाय रॉड एंडचाही असू शकतो. स्टिअरिंगचं म्हणणं चाकापर्यंत पोहोचवणारा हा शेवटचा सांधा. तो निखळला की तुम्ही डावीकडे वळवता आणि चाक त्याला हवं तिकडे जातं. हायवेवर ऐंशीच्या स्पीडला हे काय असेल, विचार करा.

तपासणी सोपी आहे. गाडी वाळूत नको, सपाट डांबरावर घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला. गाडीखाली मात्र शिरायचं नाही. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथे खेळ जाणवला तर संशय स्टिअरिंगच्या सांध्यावर. मग बारा आणि सहाच्या जागी धरा. इथे हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोन्हींपैकी काहीही असो, तिथून हायवे नको, जवळचं गॅरेज गाठा.

मित्राचं चाक नऊ-तीनला हललं. गॅरेजवाल्याने सांध्यावरचं रबरी बूट दाखवलं, उभं फाटलेलं. ग्रीस केव्हाच धुऊन गेलं होतं, आत बारीक वाळू. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड बदलले, अलाइनमेंट करून घेतलं. आता स्वारी गाडी डांबरावरच लावते आणि किनाऱ्यापर्यंत चालत जाते.