पट मांडण्याआधी वही उघडा

रविवारची दुपार. टेबलाभोवती सात जण, मध्ये युरोपचा नकाशा. चार तास डाव रंगलाय. एक जण आपली ऑर्डर वाचून दाखवतो आणि समोरचा म्हणतो, "असं चालतच नाही." नियमपुस्तिका निघते. दोघंही एकाच परिच्छेदावर बोट ठेवतात आणि दोन वेगळे अर्थ सांगतात. आवाज चढतात, चहा गार होतो आणि कुणीतरी सोंगट्या गोळा करायला लागतो.

अशा डावांत मी बऱ्याचदा पंच म्हणून बसतो. माझा अनुभव सांगतो, भांडण लबाडीमुळे क्वचितच होतं. नियम अपुरा असतो. पण तो अपुरा आहे हे ज्या क्षणी लक्षात येतं, त्याच क्षणी कुठला अर्थ घेतला तर आपली सरशी होते हेही प्रत्येकाला दिसतं. एकदा ते दिसलं की सरळ माणूसही तटस्थ राहत नाही. रडीचा डाव खेळतोय असं त्याला स्वतःला वाटतसुद्धा नाही. म्हणून पट घेऊन बसणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: नियमांमधल्या फटी कुणाचा फायदा हे दिसायच्या आत बुजवा, आणि ज्या राहून जातील त्यांचा निकाल कसा लावायचा तेही आधीच ठरवून ठेवा.

उदाहरणासाठी 'डिप्लोमसी' घेतो. या बाबतीत इतका छळणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. अमेरिकेतल्या ॲलन कॅलहॅमरने तो १९५४ साली रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने त्याच्या ५०० प्रती काढल्या. १९०१ सालचा युरोप, सात सत्ता, ३४ सप्लाय सेंटर. १८ मिळवील तो जिंकला. फासे नाहीत, नशीब नाही. आधी वाटाघाटी करायच्या, मग प्रत्येकाने आपल्या ऑर्डर गुपचूप लिहायच्या आणि सगळ्यांच्या एकदम उघडायच्या. दिलेला शब्द पाळायचं बंधन कुणावरच नाही. १९६३पासून हा खेळ टपालानेही खेळला जाऊ लागला, आणि ऑर्डर गोळा करून निकाल कळवणारा एक न खेळणारा माणूस, गेममास्टर, त्यात आला.

खेळी एकदम उघडतात, त्यामुळे कुणाची आधी आणि कुणाची नंतर असं काही नसतं. पेच इथूनच सुरू होतो. समजा फ्रान्सची आर्मी ब्रेस्टहून लंडनवर निघाली आहे आणि इंग्लिश खाडीतली फ्रेंच फ्लीट तिला पलीकडे नेते आहे. त्याच वेळी इंग्लंडची वेल्समधली फ्लीट खाडीवर चाल करते आणि लंडनमधली फ्लीट तिला सपोर्ट देते, म्हणजे तिच्या हल्ल्याचं बळ वाढवते. हल्ला झाला की सपोर्ट तुटतो, हा या खेळातला साधा नियम. आता बघा. आर्मी पोहोचली असं धरलं, तर लंडनचा सपोर्ट तुटतो, खाडीतली फ्लीट टिकते, म्हणून आर्मी पोहोचते. पोहोचली नाही असं धरलं, तर सपोर्ट शाबूत, फ्लीट उखडली जाते, म्हणून आर्मी पोहोचत नाही. दोन्ही हिशेब बिनचूक जुळतात. याच मांडणीत बेल्जियममधून खाडीवर येणारी जर्मन फ्लीट आणि तिला उत्तर समुद्रातून सपोर्ट अशी भर घातली, तर उलटा प्रकार होतो आणि कुठलाच हिशेब जुळत नाही. खेळाडू त्याला पँडिनचा पेच म्हणतात.

१९७१, १९८२ आणि २००० सालच्या नियमपुस्तिकांमध्ये या गाठीविषयीचे शब्द सारखे नाहीत. शिवाय खेळाडूंनी स्वतःचे तोडगे काढले. सायमन शिकमन याच्या नावाने ओळखला जाणारा तोडगा सांगतो की असा पेच पडला तर समुद्रमार्गे निघालेली आर्मी जागेवर थांबली असं धरायचं आणि तिच्या चालीने काहीच तुटलं नाही असं मानायचं. दुसरा तोडगा म्हणतो, पेचात अडकलेले सगळेच जागच्या जागी. लुकास क्राइस्वाइक यांनी संगणकाने बिनचूक निकाल लावावा म्हणून अशा शंभराहून जास्त अवघड मांडण्या गोळा केल्या. जिथे नियम संदिग्ध आहे तिथे त्यांनी ते दडवलं नाही. शक्य असलेले अर्थ ओळीने लिहिले आणि त्यांतला आपल्याला कुठला पटतो तेही सांगितलं. आपल्या टेबलावर नेमकं हेच हवं. शिकमन घ्या किंवा दुसरा घ्या, डाव दोन्हींनी नीट चालतो. कुठला घेतला हे पहिली सोंगटी हलायच्या आत लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

मूळ खेळाची ही गत, तर त्याच्या नव्या अवताराची काय असेल? १९९४ साली 'कलोनियल डिप्लोमसी' आला. त्यात नकाशा आशियाचा, आपली मुंबई ब्रिटिशांचं ठाणं. सोबत सुएझ कालव्याचा वेगळा नियम, रशियाच्या सैन्याला लांब पल्ला देणाऱ्या ट्रान्स-सैबेरियन रेल्वेचा वेगळा नियम. प्रत्येक जादा नियम जुन्या प्रत्येक नियमाला कुठे ना कुठे घासतो. आणि छापील अवतारांपेक्षा घरी केलेल्या अवतारांत फटी जास्त असतात, कारण करणाऱ्याच्या डोक्यात सगळं स्पष्ट असतं.

समजा, तुम्ही अठराव्या शतकातल्या दख्खनचा नकाशा केलात. पुणे, हैदराबाद, म्हैसूर, इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज. वर्षाला दोन खेळ्या: एक पावसाळ्यातली, एक दसऱ्यानंतरच्या मोहिमेची. हौसेने नियम लिहिलात, 'पावसाळ्यात बोरघाटातून सैन्य हलणार नाही.' वाचायला झकास. पण देशावरची तुकडी पावसाळ्यात कोकणातल्या हल्ल्याला सपोर्ट देऊ शकते का? कोकणात मार खाल्लेली तुकडी घाट चढून माघार घेऊ शकते का?

इथे घाबरायचं कारण नाही. मूळ खेळ सांगतो की जिथे स्वतः जाता येतं तिथेच सपोर्ट देता येतो, आणि माघारही एरवी जाता आलं असतं अशाच जागी घेता येते. घाट बंद म्हणजे जाणं बंद. म्हणून सपोर्टही बंद आणि माघारही बंद. नवा नियम करावाच लागला नाही. बुद्धिबळाच्या फिडे नियमांच्या प्रस्तावनेतही हीच वाट दाखवली आहे: सगळ्या प्रसंगांना नियम पुरणार नाहीत, तेव्हा नियमात बसलेल्या मिळत्याजुळत्या प्रसंगावरून निर्णय घ्यावा.

पण तुम्ही पुढे असंही लिहिलंत की 'पावसाळ्यात आरमार बंदरात राहील', आणि पाऊस सुरू झाला तेव्हा पोर्तुगीजांचं आरमार भर समुद्रात आहे. ते बुडालं? आपोआप गोव्याला परतलं? मूळ खेळात याच्या जवळपासचंही काही नाही. इथे नियम करावाच लागतो. तसा तो करताना माझा सल्ला असा: अपवाद जितका लिहिलाय तितकाच धरा, आणि पटावर कमीत कमी उलथापालथ होईल तो अर्थ घ्या. आरमार आहे तिथे राहील, पण त्या खेळीत काही करणार नाही. डाव संपल्यावर हवं तर याहून सरस नियम शोधा.

नियम कसे वाचायचे याचे नियम करणं आपल्याकडे नवीन नाही. व्याकरणातली उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी प्रसिद्धच आहे: सामान्य नियमापेक्षा विशेष नियम बलवान. समान बळाचे दोन नियम भिडले तर काय करायचं हे पाणिनीने सूत्रात सांगितलं, आणि परंपरेने त्याचा अर्थ 'नंतरचा नियम लागू' असा घेतला. काशीत राहिलेल्या नागोजी भट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताने नियम लावण्याच्या अशा परिभाषांवर 'परिभाषेन्दुशेखर' हा अख्खा ग्रंथ लिहिला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. गंमत म्हणजे पाणिनीच्या त्या सूत्रातल्या 'पर' या शब्दाचा अर्थ 'नंतरचा' नसून 'उजवीकडच्या भागाला लागणारा' असा आहे, असं ऋषी राजपोपट या संशोधकाने केंब्रिजच्या प्रबंधात मांडलं; २०२२ साली त्याची मोठी चर्चा झाली. तंटा मिटवणाऱ्या सूत्रावरच तंटा! तेव्हा पुण्यातल्या एखाद्या गच्चीवर तुमचे नियम एका वाचनात कुणाला कळले नाहीत, तर चिडू नका.

आता कामाचं बोलू.

सुरुवातीला वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा. पायाला कुठल्या सालची नियमपुस्तिका धरली आहे. तिच्यात आणि नव्या अवताराच्या नियमात विरोध आला तर नवा नियम चालेल. आणि दोन्हींत उत्तर नसेल तर निकाल कोण देईल.

हा 'कोण' खेळणारा नसावा. आठवा माणूस मिळत नसेल तर खेळात नसलेल्या जाणकाराला फोन लावा. पण प्रश्न विचारताना देशांची आणि माणसांची नावं काढून टाका. 'अ'ची फ्लीट, 'ब'ची आर्मी असं सांगा. आपल्या मेव्हण्याचा तुर्कस्तान बुडतोय हे त्याला कळता कामा नये.

डाव चालू असताना नियमावर मतदान मात्र घेऊ नका. दिसायला ते लोकशाहीचं दिसतं. पण या खेळात सगळं काही सौद्याचा विषय असतं आणि मत हाही सौदाच होतो. 'सुएझवर माझ्या बाजूने हात वर कर, मी तुला रुमानिया सोडतो' हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मतदान करायचंच तर पट मांडायच्या आधी करा.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत हवी. पावसाळ्यात घाटातून माघार घेता येते का, असं चारचौघांत विचारलं की तुमचा बेत उघडा पडतो. म्हणून प्रश्न पंचाला एकट्याला विचारायची मुभा ठेवा. उत्तर लिहिलेल्या नियमात असेल तर पंचाने ते विचारणाऱ्यालाच सांगावं. शोधलं तर ते सगळ्यांना सापडणारच आहे. पण उत्तर देताना नवा नियम करावा लागत असेल, तर विचारणाऱ्याचं नाव न घेता तो सगळ्यांना सांगावा. त्यातून थोडा सुगावा लागेल, ते खरं. पण एकालाच ठाऊक असलेला नियम त्याहून वाईट.

ऑर्डर गचाळ लिहिली असेल तर? मूळ नियमाचं धोरण शहाणपणाचं आहे: अक्षर कसंही असो, अर्थ एकच निघत असेल तर ऑर्डर पाळायची. दोन अर्थ निघत असतील तर ती बाद. पोर्तुगालमधली फ्लीट स्पेनला पाठवली आणि उत्तर किनारा की दक्षिण हे लिहिलंच नाही, तर पंचाने 'त्याला दक्षिणच म्हणायचं असणार' अशी दया दाखवू नये. या खेळात मुद्दाम चुकीची ऑर्डर लिहून मित्राला 'अरेरे, चुकलंच माझं' म्हणणारे महाभाग असतात. मनातलं ओळखून दुरुस्त्या करणारा पंच त्यांचा डावच बिघडवतो.

मग प्रत्येक निकाल वहीत उतरवा: मांडणी काय होती, निकाल काय दिला, का दिला. डाव संपेपर्यंत तसाच प्रसंग पुन्हा आला की तोच निकाल, मग या वेळी फायदा कुणाचाही असो. इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. नियम स्पष्ट होता आणि पंचाने वाचायला चूक केली, तर पुढच्या ऑर्डर उघडायच्या आत ती दुरुस्त करा आणि पंचाने मोकळेपणाने माफी मागावी. पण नियमच संदिग्ध होता आणि पंचाने दोनांतला एक अर्थ घेतला, तर ती चूक नव्हे. तो निकाल त्या डावापुरता पक्का. पटला नाही तर डाव संपल्यावर, सोंगट्या डब्यात गेल्यावर, तावातावाने बोला. तेव्हा जे ठरेल ते पुढच्या डावाच्या पहिल्या पानावर जाईल.

निकाल विरोधात गेलेल्या मित्रांनाही एक विनंती. या खेळात तुम्हाला सहा जणांशी खोटं बोलायची मुभा आहे. कुणाशीच खोटं न बोलणारा पंच तेवढा एक असतो, म्हणून त्या खोटेपणात मजा येते. त्याच्यावर पक्षपाताचा आळ घेण्याआधी वही वाचा. दुसऱ्याच्या बाबतीत आधी तोच निकाल दिलेला सापडला तर गप्प बसा. उलटा दिलेला सापडला तर पान उघडून पुढे ठेवा. आवाज चढवायची गरज दोन्ही वेळा नाही.

आणि हे फार जड वाटत असेल तर अंगणातली लपाछपी आठवा. धाकटं भावंड खेळात घ्यायचं असलं की राज्य कुणावर हे ठरायच्या आत कुणीतरी ओरडायचं, "हा लिंबूटिंबू हं!" सगळे मान डोलवायचे आणि मग डाव सुरू व्हायचा. राज्य आल्यावर कुणी "मी लिंबूटिंबू" म्हणालाच, तर त्याचं कुणी ऐकायचं नाही.