निदानाच्या आडोशाला राहिलेले आजार

लकवा झालेला माणूस जेवताना ठसकू लागतो, बोलायचे कमी करतो, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. घरचे म्हणतात, लकव्याचे माणूस आहे, असे व्हायचेच. दवाखान्यातही पुष्कळदा हेच ऐकू येते. पण ठसका ही गिळण्याची क्रिया बिघडल्याची खूण असते; घास आणि पाणी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. भिंतीकडे तोंड फिरवणे हे नैराश्य असू शकते, आणि लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते गाठते. दोन्ही ओळखता येतात, दोन्हींवर उपाय आहेत. ते होत नाहीत, कारण मेंदूच्या आजाराला एकदा नाव मिळाले की त्या माणसाच्या शरीरात आणि मनात पुढे जे जे घडते ते सगळे त्याच नावाखाली ढकलले जाते.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात ही चूक अधिक महाग पडते. मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचे तर नागपूर गाठावे लागते, आणि रोवणीच्या किंवा धानकापणीच्या दिवसांत ती फेरी सहज पुढे जाते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतात, क्षयाच्या गोळ्या वेगळ्या कार्यक्रमातून, सिकलसेलचे कार्ड आणखी निराळे. ताप आला की जवळचा खाजगी डॉक्टर. प्रत्येकाकडे त्या माणसाचा एकेक तुकडा असतो. सगळे कागद एका टेबलावर मांडून वाचणारा कुणी नसतो. तज्ज्ञांचा तुटवडा खराच, पण मला त्याहून मोठा धोका हा वाटतो.

मेंदूचे आजार शहरी आणि श्रीमंतांचे, हा समज तरी आता सोडायला हवा. पूर्व विदर्भातल्याच गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले २०११ ते २०१३ या दोन वर्षांतले मृत्यू तपासले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू लकव्याने झाले होते, म्हणजे सातांत एक. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने इतकी माणसे गेली नव्हती. लकव्यामागे बहुतेकदा वर्षानुवर्षे न मोजलेला रक्तदाब असतो, आणि झटका येऊन गेल्यावरही तो न मोजलेलाच राहिला तर दुसरा झटका फार दूर नसतो.

सोबतचे आजार मोजायची शास्त्रीय साधने आहेत, पण ती कशासाठी बनली हे विसरता कामा नये. डॉ. मेरी चार्लसन यांनी १९८७ मध्ये मांडलेला निर्देशांक आजही जगभर वापरला जातो. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातल्या ५५९ रुग्णांवरून तो तयार झाला आणि त्याचा प्रश्न एकच होता: हा रुग्ण वर्षभरात मरण्याची शक्यता किती? त्यात स्मृतिभ्रंशाला एक गुण आहे, अर्धांगवायूला दोन. मूळ यादीत उच्च रक्तदाब नाही, नैराश्य नाही, मिरगी नाही, क्षय नाही, सिकलसेल नाही. करडीच्या रुग्णाला ही यादी लावली तर त्याला रोज छळणारे बहुतेक सगळे बाहेर राहील आणि बेरीज मात्र नीटनेटकी दिसेल. मरणाचा अंदाज घेणारे माप जगण्याची अवस्था सांगत नाही. कोणते आजार शोधायचे, हे त्या मुलखाकडे पाहूनच ठरवावे लागते.

या मुलखात शोधायचा पहिला आजार सिकलसेल. तो रक्ताचा आजार म्हणून ओळखला जातो, पण मेंदूच्या रक्तवाहिन्याही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत तीव्र प्रकारच्या सिकलसेलच्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांना विशीच्या आत लकव्याचा झटका येऊन गेला होता. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बहुधा अधिक टिकून राहते, म्हणून हा आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण इशारा लागू आहे. काही झटके तर बाहेर दिसतच नाहीत. हातपाय शाबूत राहतात आणि मुलाचे शाळेतले लक्ष उडते. त्याला आळशी म्हटले जाते. डोक्यावरून डॉप्लर तपासणी करून धोक्यातली मुले हेरता येतात आणि नियमित रक्त देऊन त्यांचा पहिला झटका नव्वद टक्क्यांहून अधिक टाळता येतो, हे १९९८ मध्येच सिद्ध झाले आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम चाळिशीपर्यंतच्या लोकांचे रक्त तपासते. पण रोगी सापडल्यावर त्याच्या मेंदूची चौकशी कोण करणार? आणि फिट आलेल्या मुलाचे सिकलसेल कोण तपासणार?

पुढचा गोंधळ औषधांचा. फिटसाठी इप्टॉइन, म्हणजे फेनिटॉइन, घेणाऱ्याला क्षय झाला तर आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण वाढू शकते, रिफाम्पिसिनमुळे उतरू शकते. वाढले की माणूस झोकांड्या खातो, त्याला एकाचे दोन दिसतात, आणि गाव म्हणते पिऊन आला. उतरले की फिट परततात. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्या बाईला माला-डीचा भरवसा धरता येत नाही, हे तिला गोळ्यांची पट्टी देताना सांगितले जाते का? आणि व्हॅल्प्रोएट घेत असताना दिवस राहिले तर गर्भाला मोठा धोका असतो. कंपवाताच्या म्हाताऱ्याला उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिले की त्याचे शरीर आणखी जखडते, मग नागपूरच्या फेरीत कंपवाताचाच डोस वाढतो.

पूर्व विदर्भात लाखोरीच्या डाळीची आठवण जुनी आहे. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्यतः लाखोरीवर जगलेल्यांचे पाय ताठरले आणि चाल कायमची बिघडली. पण तशीच चाल मणक्याच्या क्षयाने होते, ‘ब १२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होते, आणि हे दोन्ही वेळेत धरले तर सुधारतात. लाखोरीचा पाय म्हणून सोडून दिलेला प्रत्येक पाय लाखोरीचाच होता, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक नावाचा आजारांची जोखीम तपासणारा फॉर्म भरतात. त्यात फिटबद्दल विचारलेले आहे, मन उदास असते का हेही विचारलेले आहे. मात्र जोखमीचे गुण मोजले जातात ते वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातल्या आजारांवरून. फिट येणारी वीस वर्षांची मुलगी तर त्या फॉर्मच्या वयातच बसत नाही. फॉर्म चांगला आहे. तो पुरेसा आहे असे मानणे घातक आहे.

मेंदूच्या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची दर काही महिन्यांनी पुन्हा नव्याने तपासणी व्हावी, आणि ती गावाजवळ व्हावी. बसून आणि उभे राहून रक्तदाब, साखर, वजन, हिमोग्लोबिन, एकदा तरी सिकलसेल, चमच्याने पाणी पाजून गिळण्याची पाहणी, क्षयाच्या लक्षणांची विचारपूस. यातल्या एकाही गोष्टीला स्कॅन लागत नाही. सगळीकडून आणलेल्या गोळ्या एका पिशवीत घालून रुग्णाने सोबत आणाव्यात आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने त्यांची एकच यादी करून नागपूरच्या कागदाला जोडावी.

मनाबद्दलचा प्रश्न मात्र घाईत विचारून चालत नाही. डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात मिरगीच्या रुग्णांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले होते, आणि लेव्हेटिरासिटॅमसारखे फिटचे चांगले औषधही काहींना चिडचिडे, उदास करते. सून, मुलगा किंवा नवरा शेजारी बसलेला असताना जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलत नाही. सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगावे, मग विचारावे. होकार आला तर ते गांभीर्याने घ्यावे, त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरी लिहून द्यावा.