फजरनंतरची तीस मिनिटं कुणाची?

आपल्या समाजात व्यायामाचा विषय काढला की दोन उत्तरं तयार असतात. पुरुष म्हणतात, "पाच वक्त नमाज पढतो, आणखी व्यायाम कशाला?" आणि बाईच्या वतीने घरातले परस्पर सांगतात, "दिवसभर राबते, तोच तिचा व्यायाम." पहिलं उत्तर चुकीचं आहे. दुसरं चुकीचं तर आहेच, शिवाय अन्यायाचंही आहे.

नमाज ही इबादत आहे. तिला कवायतीच्या हिशेबात बसवण्यात तिचा कसला सन्मान? दिवसाच्या फर्ज रकाती 17. त्यांनी सांधे मोकळे होतात, पण दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं. त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. आणि आपण? दोन गल्ल्या सोडून असलेल्या मशिदीतही मोटारसायकलवर जातो!

तरुणांची तऱ्हा वेगळी. निकाहाआधी तीन महिन्यांची जिमची फी आणि पावडरचा डबा. वलीम्याच्या बिर्याणीबरोबर सगळं संपतं. उरलेल्यांचं रमजानमध्ये सुटतं आणि "ईदनंतर बघू" म्हणता म्हणता पुढचा रमजान येतो. जे रमजानमध्ये टिकत नाही, त्याला सवय म्हणू नये. त्या महिन्यात व्यायाम निम्मा करा, इफ्तारनंतर पंधरा मिनिटं चाला. पण बंद करू नका.

सवय निश्चयावर टिकत नाही, ठरलेल्या वेळेवर टिकते. आपला तर सारा दिवसच अजानने बांधलेला आहे. फजरला उठतोच, नंतर पुन्हा अंथरुणात शिरण्याऐवजी तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस चाललं की 150 पूर्ण. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. एक दिवस चुकला तर दुसरा चुकवू नका.

पण त्या वेळी घरातली बाई कुठे असते? चुलीपुढे, मुलांच्या डब्यात. घरकामात हालचाल आहे, मान्य. पण ओट्यापुढे उभं राहून पाय सुजतात, दम वाढत नाही. साखर आणि गुडघे दोन्ही तिच्या वाट्याला येतात, आणि दवाखान्यात नेलं जातं ते सगळ्यात शेवटी. भाईजान, आठवड्यातून तीन दिवस डबा तुम्ही भरा. तिला शेजारच्या दोघी-तिघींबरोबर चालायला जाऊ द्या. "लोक काय म्हणतील" हे कारण पुढे करणाऱ्यांनी एवढं आठवावं, की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचं हदीसमध्ये नोंदलेलं आहे.

शाळांच्या संस्थाचालकांनाही एक विनंती. मैदानं सकाळी तासभर मोहल्ल्यातल्या बायकांसाठी उघडी ठेवा. त्याला देणगी लागत नाही, फक्त कुलूप काढावं लागतं.